रक्तपेढीतून आलेला फोन

समुपदेशक बाईंनी आधी खोलीचं दार लावून घेतलं, मग पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "घाबरू नका. तुम्ही शिबिरात रक्त दिलंत, त्याच्या तपासणीत हिपॅटायटिस बी रिॲक्टिव्ह आलंय."

मला त्यातलं फक्त 'आलंय' एवढं कळलं. नंदुरबारच्या त्या रक्तपेढीत बाहेर लोक पिशव्या न्यायला उभे होते, आणि मी आत बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होतो. मला काहीच होत नव्हतं. जेवण होत होतं, झोप येत होती, सकाळी केळीला पाणी देऊन मी शाळेत लिपिकाच्या खुर्चीवर वेळेवर बसत होतो.

बाईंनी सावकाश सांगितलं. हिपॅटायटिस बी म्हणजे यकृताला सूज आणणारा एक विषाणू. आपण अशा सगळ्याच आजारांना कावीळ म्हणतो, पण ही पाण्यातून होणारी कावीळ नव्हे. हा विषाणू रक्तातून जातो. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी, शरीरसंबंधातून, दुसऱ्याला टोचलेली सुई किंवा दुसऱ्याचं ब्लेड वापरल्यानं जातो. रिॲक्टिव्ह म्हणजे चाचणीत त्याची खूण दिसली. पण रक्तपेढीची चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नाही, डॉक्टरांकडे जाऊन पक्कं करून घ्यायचं.

मी एकच विचारलं. "माझं रक्त कुणाला दिलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तपासणी झाल्याशिवाय कुठलीच पिशवी बाहेर जात नाही. तुमची बाजूला काढली. ती नष्ट होईल."

बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. सुईची भीती बाजूला सारून आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं होतं.

शिबिर आमच्या गावात, म्हसावदला, शाळेच्या सभागृहातच भरलं होतं. शहाद्यात वेल्डिंगचं दुकान असलेला माझा मित्र शकील वर्षानुवर्षं रक्त देतो, त्यानंच मला ओढून नेलं. जाताना पोटभर खायला लावलं, पाणी प्यायला लावलं. उपाशीपोटी किंवा जागरण करून जायचं नाही, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

तिथं आधी वजन केलं, रक्तदाब बघितला, बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासलं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल भाग. तो कमी असला तर रक्त घेत नाहीत, आणि आमच्या दोन शिक्षिकांना त्याच कारणानं परत पाठवलं. नंतर डॉक्टरांनी प्रश्न विचारले. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलंय का, ऑपरेशन, मलेरिया, चालू औषधं, आणि काही खासगी गोष्टी. शकीलला त्या वेळी त्यांनी घेतलंच नाही. थोड्याच दिवसांपूर्वी त्याला कुत्रा चावला होता आणि इंजेक्शनं चालू होती. त्याला ते लागलं, पण तो वाद न घालता माझ्या कॉटशेजारी येऊन बसला.

सुई नवीन, पाकीट माझ्यासमोर फोडलं. दुखलं, पण मुंगळा चावावा इतपतच. हातात चेंडू दाबत राहायचा आणि छताकडे बघायचं. झाल्यावर थोडं पडून राहायचं, सरबत घ्यायचं, त्या दिवशी जड उचलायचं नाही. घरी पोचल्यावर मला छाती फुगल्यासारखं वाटत होतं.

आणि मग तो फोन. फोनवर त्यांनी आजाराचं नाव घेतलं नाही. "एकदा येऊन भेटून जा" एवढंच. तुमच्यापैकी कुणाला असा फोन आला तर टाळू नका. बरेच जण टाळतात, असं बाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत प्रकाशा गावाजवळच्या पुलावर खिडकीतून तापी दिसली, आणि मला घरच्यांना काय सांगायचं ते सुचेना. बायकोला, सुनंदाला, सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं विचारलं, "पोरींना?" बस, तेवढंच. बाईंनीही मला हेच सांगितलं होतं की घरातल्या सगळ्यांची तपासणी करा.

सरकारी रुग्णालयात आम्ही सगळे गेलो. माझी चाचणी पुन्हा केली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत, ते मोजलं. लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे यकृत नीट काम करतंय का ते बघितलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार लांब गेले. शाळेत दाखल्यांवर शिक्के मारताना माझं लक्ष फोनवर असायचं.

सुनंदा आणि दोन्ही मुली सुटल्या. मुलींना लहानपणीच लस दिलेली होती, सुनंदाला ती सुरू केली. माझा विषाणू शांत निघाला. डॉक्टर म्हणाले, "औषध नको, पण सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. आणि दारूला हात लावायचा नाही."

मग त्यांनी माझ्या आईचा कागद उचलला.

आईला मी बळेच आणलं होतं. वडील गेल्यापासून शेतातलं सगळं तीच बघायची. अलीकडे लवकर थकायची, संध्याकाळी पाय सुजायचे, आम्ही वयावर ढकलत होतो. तिलाही हिपॅटायटिस बी होता, आणि तिच्यात तो शांत नव्हता. सोनोग्राफी झाली, मग फायब्रोस्कॅन झाला. फायब्रोस्कॅन म्हणजे न टोचता यकृत किती कडक झालंय ते सांगणारी तपासणी. डॉक्टर म्हणाले, "यकृत कडक व्हायला लागलंय. झालेलं सगळं मागे जाईलच असं नाही, पण पुढचं थांबवता येईल. आणखी उशीर झाला असता तर पोटात पाणी झाल्यावरच तुम्ही आला असतात." रोज एक गोळी, बहुतेक आयुष्यभर.

मला हे जन्माच्या वेळी आईकडूनच आलं असावं, असंही ते म्हणाले. मला वाटलं होतं, आईला ते समजलं नसेल. तिला समजलं होतं.

घरी आल्यावर तिनं आपलं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. नातींना जवळ घेईना. स्वयंपाकघरात यायचं तर बंदच. ओसरीवर एकटी जेवायची. मी समजावलं की शिवण्यानं, एकत्र जेवल्यानं हे होत नाही, फक्त जखम झाकायची, ब्लेड, नेलकटर, ब्रश वेगळा ठेवायचा. ती मान हलवायची आणि ताट घेऊन बाहेर जायची.

एका दुपारी मी शेजारी जाऊन बसलो. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मन्हापाईनच लागनं ना तुले? जनम दिधा तवय हाई बी दिधं मी."

मी म्हणालो, "माय, तुले तरी कोठे माहीत व्हतं?"

मी तिचा हात धरून बसलो. लहानपणानंतर तो कधी धरला होता, मला आठवेना.

आईला आत आणलं ते सुनंदानं. तिनं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ मळून परात ओसरीवर नेली आणि सासूपुढे ठेवली. "आत्याबाई, माले तुमना हातनी कळनानी भाकर खावानी शे. मन्हा हातले ती चव येस नही." आईनं दोन्ही हात मागे घेतले. सुनंदा परात धरून तशीच बसून राहिली. पीठ वाळायला लागलं तेव्हा आई उठली, हात धुतले आणि चुलीपुढे जाऊन भाकरी थापायला बसली. त्या दिवशी आम्ही सगळे आत जेवलो.

आता आईचे पाय सुजत नाहीत. गोळी ती देवाच्या दिव्यानंतर घेते. पुढच्या रिपोर्टमध्ये विषाणू जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, "मुलानं रक्त दिलं म्हणून तुम्ही सापडलात." घरी येताना एसटीतून उतरताना तिनं माझा खांदा धरला.

मला आता कधीच रक्त देता येणार नाही. हे पचायला मला आजारापेक्षा जास्त वेळ लागला. तरी नंतरच्या शिबिराला शकीलबरोबर गेलो. त्याला घेतलं. मी रांगेतल्या लोकांना पाणी देत होतो.

रांगेतला एक माणूस, उसाच्या गाडीवरचा ड्रायव्हर, डॉक्टरांच्या टेबलावरून प्रश्नोत्तरं उरकून कॉट रिकामी व्हायची वाट बघत बसला होता. पाणी घेताना त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्हीन दिधं का रगत?"

गावात मी हे कुणाला उघड सांगितलं नव्हतं. पण खोटं बोलावंसं वाटेना. म्हटलं, "मला देता येत नाही. मला हिपॅटायटिस बी आहे. इथंच, याच सभागृहात दिलं आणि कळलं."

तो ग्लास हातात धरून राहिला. मी त्याला समुपदेशक बाईंचं बोलणं सांगितलं. तपासणी चांगली असते, पण लागण अगदी ताजी असेल तर कुठल्याही चाचणीत ती सुटू शकते. म्हणून ते प्रश्न विचारतात. तिथं खरं सांगितलं तर रक्त घेणारा वाचतो, आणि आपलं नाव कुठं बाहेर जात नाही.

त्यानं उरलेलं पाणी एका घोटात प्यायलं. त्याचं नाव पुकारलं, कॉट रिकामी झाली होती. तो उठला, पण कॉटकडे गेला नाही. परत डॉक्टरांच्या टेबलापाशी गेला आणि खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मन्हं एक सांगानं ऱ्हायी गयं."