हार्डनर आणि भरलेल्या बांगड्या

मला स्वस्थ बसता येत नाही. भिंगारला लेकाकडे राहायला आल्यापासून तर मुळीच नाही. इथे शेत नाही, आणि दोन खोल्यांचं काम सकाळीच उरकतं. मग मी माणसांकडे बघत बसते. मागच्या उन्हाळ्यात मी सुनेच्या मनगटाकडे बघत होते.

सून बीएस्सी झालेली आहे. नगरच्या बाहेर शेतीचं एक कॉलेज आहे, तिथे प्रयोगशाळेत कामाला जाते. पिकांवरच्या किडी पकडायच्या, वाळवायच्या आणि काचेसारख्या ठोकळ्यात कायमच्या बंद करायच्या, हे तिचं काम. पोरांना शिकवायला आणि प्रदर्शनात मांडायला ते ठोकळे लागतात. एकदा तिने बोंडअळीचा ठोकळा घरी आणला. जन्मभर मी ज्या अळ्या पायाखाली चिरडल्या, त्यांतली एक तिथे दागिन्यासारखी बसली होती.

"हिला एवढा मान कशाला?" मी विचारलं.

"आत्या, जित्या अळीकडं तुमी कधी नीट बघितलं का?" ती म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "बघा तरी, पाठीवर कशा रेघा हायेत."

मी बघितल्या. रेघा होत्या. पण तिचा चेहरा त्या अळीपेक्षा बघण्यासारखा झाला होता. या कामावर तिचा जीव होता, हे मला त्या दिवशी कळलं.

ठोकळा दोन औषधांचा होतो. एक रेझिन, मधासारखं घट्ट. दुसरं हार्डनर, पातळ, आणि त्याला शिळ्या सुकटीसारखा वास. दोन्ही ठरल्या मापाने ढवळून साच्यात ओतली की ती आतल्या आत तापतात आणि दगड होतात. मोठ्या भांड्यात एकदम कालवलं तर धूरही निघतो, म्हणून थोडं थोडंच करायचं. अंगाला दोन्ही लागू द्यायची नाहीत, पण हार्डनर जास्त वाईट. हे सगळं तिनेच मला सांगितलं. तिला माहीत नव्हतं असं काही नाही.

मनगट खाजायला लागलं तेव्हा आम्ही दोघींनी ते सुरणावर घेतलं. म्हणजे सुरण चिरला की हात खाजतात, तसंच हे असं समजलो. मी चिंचेचं पाणी लावलं, वर खोबरेल चोळलं. म्हणाले, "हुईल सवय." तीही म्हणाली, हुईल. मी ऊस तोडलेली बाई आहे. पहिल्या हंगामात पाचटाने हात फाटतात, पुढच्या हंगामात ते हात कोयत्याच्या मुठीसारखे होतात. हातांबद्दल मला एवढंच माहीत होतं.

खाज वाढली. आधी बांगड्यांखाली बारीक पुरळ आलं, मग पाणी सुटलं. ती रात्रभर खाजवायची आणि सकाळी बाही खाली ओढून कामाला जायची. भाकरी थापताना ती तोंड वाकडं करायची. मी परात ओढून घेतली तर म्हणायची, "राहू द्या, माझं हाय ते." भाद्रपदात एका सकाळी ती उठली तर डोळ्यांच्या पापण्या सुजून अर्ध्या मिटल्या होत्या. तरी चहा पिऊन गेली. हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी ठोकळे करायचे होते.

मी घरात फिरत राहिले. भांडी पुन्हा घासली. अंगण झाडलं, ते सकाळी झाडलेलंच होतं. शेवटी रिक्षा केली आणि कॉलेजात गेले.

प्रयोगशाळेचं दार उघडं होतं, पण खिडकी लावलेली आणि पंखा बंद. वाऱ्याने पतंगांचे पंख उडतात म्हणून. आत पाऊल टाकताच तो सुकटीचा वास घशात बसला. कपाटावर बाटली होती आणि बाटलीवर चित्र होतं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्र कळायला शाळा लागत नाही. वरून थेंब पडतोय आणि खालचा हात खाल्ला जातोय.

सून मला पाठमोरी होती. हातात निळे हातमोजे होते, तोंडाला फडकं. तिने प्याला उचलून ओतला आणि मी तिचं मनगट पाहिलं. हातमोजा बांगड्यांपर्यंत येऊन थांबला होता. त्यांच्या वर जायला त्याला वाटच नव्हती. कासार लग्नात चढवतात तशा घट्ट, भरगच्च हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. प्याल्याच्या काठावरून एक ओघळ खाली आला, हातमोज्यावरून घसरला आणि बांगड्यांमध्ये शिरला. तिला कळलंही नाही. मग कपाळावर घाम आला, तो तिने त्याच मनगटाने पुसला.

"अगं ए!" मी ओरडले.

ती दचकली. शेजारच्या खोलीतून तिथले साहेब आले. मी त्यांना म्हणाले, "साहेब, ह्या पोरीचे डोळे बघा, आन् तो हात बघा."

त्यांनी बघितलं. मग आवाज न चढवता तिला म्हणाले, "ताई, बांगड्या काढून या असं मी तुम्हाला कितीदा सांगितलं? कोपरापर्यंतचे हातमोजे आणून ठेवलेत ना?"

"हो म्हणले होते मी," ती म्हणाली.

"आणि खिडकी?"

साहेबांनी तिला नळाखाली हात धरायला लावला, साबण दिला, आणि बराच वेळ तसंच उभं ठेवलं.

नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हात उलटसुलट केला.

"तेल कोणी लावलं?"

"मी."

"आता लावू नका आजी. तेलाने हे औषध निघत नाही, पसरतं. साबण आणि भरपूर पाणी, तेही लगेच. बांगड्यांखाली अडकलेलं दिवसभर तिथेच बसतं, घरी येतं, पिठातही जातं."

"पर बाई, हाताला सवय न्हाई का व्हायची?"

"इथं उलटं आहे. कातडीने एकदा हे ओळखलं की ती विसरत नाही. पुढच्या वेळी कमी लागलं तरी जास्त उठणार."

मला ते पटलं नाही. विसरत नाही म्हणजे काय? कातडी काय भावकी आहे?

महिनाभर सून घरी बसली. दोघी अस्वस्थ बायका दोन खोल्यांत. ती फोनवर आपले ठोकळे बघायची. मी म्हणायचे, बांगड्या काढ, मिटलं. ती म्हणायची, आईला विचारते. तिची आई पारनेरकडच्या गावाहून लगेच आली, पिशवीत शेंगा आणि डोळ्यांत पाणी घेऊन.

"विहीणबाई," ती मला म्हणाली, "जावई टेम्पो घेऊन घाटातून येत्यात-जात्यात. आन् तुमी लेकीला मोकळ्या हाताची करायला निघाल्या?"

"टेम्पोला ब्रेक हायेत. तो बांगड्यांवर थांबत न्हाई."

"असं बोलू ने."

"का न बोलू? आमचे हे गेले तवा माझ्या दोन्ही हातात डझनानं बांगड्या हुत्या. काय केलं त्यांनी? वाजल्या फकस्त."

ती पदर तोंडाला लावून बसली. आमच्यात बांगडी फुटली असंही म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. शब्दालाच एवढं भ्यायचं तर हात कसा वाचवायचा? लेकाला फोन केला. त्याच्यामागे गाड्यांचा गलका होता. तो म्हणाला, "आई, तिचा हात हाय, तिला विचार की. मला कशाला मधी घेता?" हे त्याचं नेहमीचं, पण या वेळी बरोबर होतं.

सून उठली. मोरीत गेली, साबण लावला आणि एकेक बांगडी काढत बसली. बऱ्याचशा निघाल्या, काही तडकल्या. तिची आई दाराकडे पाठ करून बसली होती. सून बाहेर आली तेव्हा मनगट सालपट काढलेल्या फांदीसारखं पांढरं-लाल दिसत होतं. "झालं का समद्यांचं?" एवढंच म्हणाली.

हात भरून आला. दिवाळीनंतर ती परत कामावर निघाली तेव्हा तिची चाल मी खिडकीतून पाहिली. लग्नाला निघाल्यासारखी. तिथे कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी, पंखा चालू. सगळं नियमाने करणार होती, आणि तिने केलंही.

दुपारी साहेबांचा फोन आला. या म्हणाले.

मी गेले तर ती बाहेर झाडाखाली बसली होती. पापण्या पुन्हा सुजलेल्या, मानेवर गांध्या. औषधाचा थेंबही तिला लागला नव्हता. नुसता वास पुरला.

"साहेब, उद्या दोन हातमोजे घालते," ती म्हणत होती. "फक्त ह्या प्रदर्शनापुरतं."

"नाही," साहेब म्हणाले. "उद्या घशाला सूज आली तर? या खोलीत तुम्ही पाऊल टाकायचं नाही. किडी गोळा करा, ओळखा, वाळवून द्या. नोकरी तीच राहील. ओतायचं काम दुसरं कोणीतरी करेल."

"दुसऱ्याला जमायचं न्हाई. बुडबुडे राहत्यात."

"राहू देत."

ती माझ्याकडे वळली. मी काहीतरी बोलावं असं तिला वाटत असणार. जन्मभर मी कुणाचं काम सोडवलं नव्हतं, धरायलाच लावलं होतं. पण त्या कातडीच्या डॉक्टरीणबाई बरोबर होत्या, ते माझ्यासमोर सुजून बसलं होतं.

"चल घरी," मी म्हणाले.

तिची स्कूटी कॉलेजच्या मागच्या शेतातून जाणाऱ्या रस्त्याने निघाली. मी मागे बसले. गाडी ती खड्ड्यांतून मुद्दाम घालावी तशी घालत होती. माझी कंबर दुखायला लागली. तुरीच्या वावराजवळ तिने एकदम ब्रेक मारला.

"काय झालं?"

ती उतरून तुरीत शिरली. शेंगा वाकवून बघायला लागली. एका शेंगेजवळ तोंड नेऊन थांबली. ऊन डोक्यावर होतं, आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

"आटप की गं!"

"थांबा आत्या. ही नेहमीची घाटेअळी न्हाई. हिच्या अंगावर लव हाय, पिसारी पतंगाची असंल." ती सुजलेल्या डोळ्यांनी पुन्हा वाकली. "पिशवीतली बाटली द्या हिकडं."

मी स्कूटीला अडकवलेल्या तिच्या पिशवीत हात घातला. रिकामी बाटली होती, झाकणाला भोकं पाडलेली. घेऊन वावरात गेले. तिने अळी शेंगेसकट तोडून आत सोडली.

"झाकण लावा," ती म्हणाली, "आन् उन्हात धरू नका."

मी बाटली पदराखाली घेतली.