रुख्मिणीची टाकी आणि मथुराबाईची बादली

बेला गावात एक गोष्ट तोंडाला पदर लावून सांगितली जायची: मथुराबाईनं रुख्मिणीच्या गॅसच्या टाकीत बादलीभर काहीतरी ओतलं आणि टाकी मेली. मी ती बऱ्याच घरांत ऐकली. दर घरी थोडी जास्त शिजलेली.

रुख्मिणी म्हणजे किराणावाल्या अमृतरावांची बायको. मनानं वाईट नाही. फक्त शेजारी काही चांगलं झालं की तिला जेवण जात नाही. शेजारच्या मथुराबाईनं नवं पातळ घेतलं की हिच्या पातळाला लगेच भोक दिसायचं.

मथुराबाईची बसस्टँडवर पोह्याची गाडी. तिनं परसात एक टाकी बसवली. उष्टं-खरकटं त्यात टाकायचं, ते आत आंबतं, त्याचा गॅस होतो आणि त्यावर शेगडी पेटते. ती निळी ज्योत भिंतीवरून दिसायची. मग काय, रुख्मिणीनं नवऱ्याच्या मागे लागून तशीच टाकी आणवली. अर्थात मोठी.

"थोडं थोडं घालत जा वं," मथुराबाई भिंतीवरून म्हणाली. "एकदम घातलं तं टाकी आंबट होते, मंग गॅस येत नाही."

रुख्मिणी तरातरा घरात आली. "पाह्यलं? माझी ज्योत मोठी होऊ नये म्हून सांगून राह्यली!"

"तिला काय कराचं तुझ्या ज्योतीचं?" अमृतराव म्हणाले.

"घ्या, तिचीच बाजू घ्या."

त्याच आठवड्यात गुडीहत्नूरला तिच्या माहेरचं लग्न होतं. तिथलं उरलेलं वरण, भात, जिलेबी, मठ्ठा, सगळं ड्रममध्ये भरून तिनं ऑटोनं आणलं आणि टाकीत रिकामं केलं. टाकीला असा आंबूस वास सुटला की अमृतराव दुकानातच जेवू लागले. ज्योत गेली. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू तर तोंडावर! 'सगळ्यांना माझ्या गॅसवरचा चहा' असं बाई गावभर सांगून बसलेल्या.

शेवटी भरदुपारी, गल्ली सुनी पाहून ती भिंतीशी गेली. "मथुराबाई, तुमच्या टाकीतलं बादलीभर देता का? विरजणासारखं?"

मथुराबाईनं बादली स्वतः उचलून आणली, ओतली, हात धुतले. "आता काही दिवस तिला काही घालू नको. येईल हळूहळू."

समोरच्या घरची रंजीता गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती.

हळदीकुंकवापर्यंत काही गॅस आला नाही. काडी पेटायची, विझायची. बायका रिकाम्या कपांकडे पाहत बसल्या.

"मी सांगू का?" रंजीता म्हणाली. "मथुराकाकूनं या टाकीत बादली ओतली. मी डोळ्यानं पाह्यलं."

मथुराबाई तिथंच बसली होती. तिनं रुख्मिणीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

रुख्मिणीनं कुंकवाचा करंडा उचलला. "जाऊ द्या नं बाई. शेजार आहे. आपण काऊन कोनाचं मन दुखवाचं?"

इतकं मोठं मन तिनं जन्मात दाखवलं नव्हतं. मथुराबाई कुंकू न लावताच उठून गेली. पुढं टाकी सुरू झाली तेव्हा बायका म्हणाल्या, रुख्मिणीच्या चांगुलपणाचं फळ. तिनं तेही मान खाली घालून घेतलं.

त्या बादलीत मथुराबाईच्या चालू टाकीतलं पाणी होतं, टाकी त्यानंच जिवंत झाली. ते रुख्मिणीनंच मागितलं होतं.