फोटोपुरती शाल

"ताई, म्हातारीच्या अंगावरची तेवढी शाल द्या. पाव्हणे वाढलेत."

परभणीत, जिल्हा साहित्य मेळाव्याच्या मंचामागे, पडद्याआड एक कार्यकर्ता मला हे सांगत होता. हळू आवाजात, समजुतीने. म्हातारी म्हणजे शेवंतामावशी. झरीच्या बौद्धवस्तीतली शेतमजूर आणि आमच्या त्रैमासिकाची लेखिका. मी त्या त्रैमासिकाची संपादक. नुकताच मावशीचा सत्कार झाला होता, सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या.

मी म्हणाले, "सत्कार त्यांचा झालाय. शाल त्यांची आहे."

"फोटो निघला न्हवं ताई? मग झालं की."

तो हसत होता. त्याला यात काहीच वावगं वाटत नव्हतं, याची मला जास्त चीड आली. मंचावर चांगले गलेलठ्ठ वक्ते शाली पांघरून बसले होते. त्यांच्याकडे मागायची त्याची छाती झाली नसती. शाली कमी पडल्या तर कुणाच्या अंगावरची काढायची, हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

मी आणखी भांडायच्या आत मावशीने शाल काढली. नीट घडी घातली. त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा बाबा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लय उकडायलं होतं पोरी. बरं झालं."

जानेवारी होता. कुणालाच उकडत नव्हतं.

मी तिला झरीला सोडायला गेले. सकाळी निघताना मीच वस्तीतल्या बायांना सांगितलं होतं, आज मावशीला शाल मिळणार. त्या वाटच बघत होत्या. एकजण म्हणाली, "दाव की शाल." मावशी म्हणाली, "इस्त्रीला टाकली." माझ्यादेखत. माझी लाज राखायला खोटं बोलली. परतीच्या बसमध्ये मी रागाने रडले.

आमचं त्रैमासिक कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सोनपेठचे सलीमभाई शिलाईकाम करतात आणि दखनीत गोष्टी लिहितात. जिंतूरकडच्या एका तांड्यावरची मुलगी गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत लिहिते, खाली मराठी देते. मावशी चौथी शिकलेली. तिला लिहिण्यापेक्षा बोलणं जमतं. नातीच्या मोबाइलवरून ती आवाजात निरोप धाडते, मी ते उतरवते. मग झरीला जाऊन तिला वाचून दाखवते. ती डोळे मिटून ऐकते. मी कुठे सजावट केली असली की थांबवते, "हे म्या न्हाई म्हनले." मी खोडते. शेवटी ती म्हणते, "हां, आता माझं हाय." त्यानंतरच मजकूर छपाईला जातो. लिहिणाऱ्याशिवाय कुणीही शब्द बदलायचा नाही, हा आमचा एकच नियम. यावर शहाणी माणसं आम्हाला हसतात. हसोत.

मेळावा भरवला होता दादासाहेबांनी. आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. आमच्या म्हणजे, मी त्यांच्या कॉलेजात मराठी शिकवत होते, तासिका तत्त्वावर. वर्ष संपलं की नेमणूक संपते. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माइकवर ते मला मॅडम म्हणतात. केबिनमध्ये तू. टेबलावर मोठा फोटो ठेवला होता. ते मावशीला शाल पांघरतायत, मावशी हसतेय.

"पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा घे. समाजात चांगला संदेश जाईल. आपल्या सगळ्या कॉलेजांत तुझा अंक लावून टाकू."

"मुखपृष्ठ लेखकांना विचारून ठरतं, दादासाहेब."

"कोण लेखक? ही म्हातारी?" ते खरोखर मनापासून हसले.

त्याच आठवड्यात मावशीचा निरोप आला. शालीचीच हकीकत. रडणं नाही, शिव्याशाप नाहीत. लोकर मानेला कशी टोचली. फोटोवाला "हसा आजी" म्हणाला आणि ती कशी हसली. दादासाहेबांचं नाव घेऊन, ते कानाशी काय पुटपुटले तेही: "लवकर सरका." इस्त्रीचं खोटंसुद्धा तिने सांगून टाकलं होतं. शेवट असा होता: "देताना वाटलं, माझं काय जायलंय. घरी आल्यावर कळलं काय गेलं."

मी उतरवून काढलं आणि झरीला गेले. वाचून दाखवलं. मावशीने डोळे उघडले.

"त्याचं नाव कुठं गेलं?"

नाव मी गाळलं होतं. 'एक मान्यवर' असं घातलं होतं.

"मावशी, माझी नोकरी जाईल."

नात चहा ठेवून गेली.

"मग छापू नको पोरी. तुझ्या पोटावर पाय आणून मला काय करायचंय. पर बिननावाचं छापू नको. ते माझं न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. पडद्यामागे तो कार्यकर्ता हात पुढे करून उभा होता, तशीच मी तिच्या दारात बसले होते. त्याने शाल परत मागितली. मी तिचा शब्द परत मागायला आले होते, तोही तितक्याच गोड आवाजात. मला स्वतःची किळस आली. नियम आम्ही केला होता, आणि पहिल्या भीतीलाच मी तो मोडून बसले होते.

मी पेन काढलं. तिच्यासमोर नाव घातलं. पूर्ण, आडनावासकट. पुन्हा वाचलं.

"हां," मावशी म्हणाली. "आता माझं हाय."

अंक निघाला. पहिल्या पानावर मावशीची हकीकत. प्रकाशन वस्तीतच, समाजमंदिराच्या ओट्यावर केलं. सलीमभाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. इस्त्रीच्या ओळीला बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

जूनमध्ये मी मुलाखतीला गेले. दादासाहेब, प्राचार्य आणि बाहेरगावचे एक तज्ज्ञ. टेबलावर आमचा अंक.

"पुढच्या अंकात खुलासा छाप," दादासाहेब म्हणाले. "त्या बाईचा गैरसमज झाला होता म्हणून. मग तुझे तास तुला."

"मजकूर लिहिणाराच बदलू शकतो. झरीला जा. मावशीसमोर बसा, तिला विचारा. ती हो म्हणाली तर छापते."

"मी? त्या वस्तीवर?"

प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले.

"तुम्हीच. आणि मला तू म्हणू नका."

तज्ज्ञांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी उठून बाहेर आले.

माझे तास दुसऱ्याला गेले. मी आता भाड्याच्या खोलीत शिकवण्या घेते. जी कॉलेजं अंक घेत होती त्यांनी तो बंद केला. बोरीहून आई फोन करते, म्हणते, "काय मिळालं तुला?" चांगलं लिहिणारे दोघं मित्र घरी येऊन सांगून गेले, थोडी तडजोड करायला हवी होती.

तडजोड मी रोज करते. घरमालकाशी करते, भाजीवाल्याशी करते, आईशीही करते. अंकात करणार नाही. तो पातळ निघेल. उशिरा निघेल. वेळ आली तर एकाच कागदाचा निघेल. पण ज्याने सोसलं त्याचा शब्द त्यात असेल, आणि ज्याने केलं त्याचं नाव असेल.