पद्मनाभअण्णांचा आवाज आणि वरची फळी

हुबळीच्या पद्मनाभ हंचाट्यांकडे देवाने दिलेली एकच गोष्ट धड होती, ती म्हणजे आवाज. उंची, रंग, केस, अक्कल हे बाकीचं खातं उघडलं तेव्हा, ते स्वतःच सांगायचे, "देवाच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली होती." रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून, माईक हातात धरून ते हुबळी-धारवाडच्या गल्ल्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून पुकारा करत फिरत. साड्यांचा सेल असो, सर्कस असो, उद्या नळाला पाणी येणार नाही ही खबर असो, सगळं एकाच भारदस्त सुरात. पाणी येणार नाही हेसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकलं की लोकांना वाटे, गावात काहीतरी मंगलकार्य आहे.

मिशनच्या दवाखान्याचे डॉक्टर खेडोपाडी दातांचे कॅम्प घेत. त्याचा पुकारा वर्षानुवर्षं पद्मनाभअण्णांकडेच होता. "बर्री, बर्री! या, या! तपासणी फुकट, औषध फुकट, दात काढणं फुकट! नोवु आगुदिल्ल, कणभरसुद्धा दुखणार नाही!" हे शेवटचं वाक्य त्यांनी पदरचं घातलं होतं. त्या खुर्चीत ते स्वतः कधी बसले नव्हते. पानतंबाखूने त्यांच्या वरच्या दातांची अशी दशा केली होती, की जोरात पुकारताना जीभ जपून फिरवावी लागे. पण कुणी विचारलंच तर म्हणत, "हलवायानं आपली जिलबी खायची नसते."

एकदा दवाखान्याच्या आवारात चहाबरोबर निप्पट्टू, म्हणजे तांदळाची कडक तळलेली पुरी, खाताना कट्ट झालं. "काय कडक तळलाय हो हा निप्पट्टू!" म्हणत त्यांनी हातात घेऊन पाहिलं, तर निप्पट्टू शाबूत होता. तुटला होता तो दात.

समोरच डॉक्टर ज्योती सोन्स उभ्या होत्या. मिशनच्या दातांच्या डॉक्टर, मूळच्या मंगळूरच्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध कानडी. त्यांनी अण्णांना तिथंच बाकावर बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी आत मारून नुसतं "अय्यो" म्हटलं.

"एवढं वाईट आहे?"

"खालचे वाचतील. वरचे सगळे काढावे लागतील, अण्णा. एकही घट्ट नाही. हिरड्या भरल्या की दोन-तीन महिन्यांनी कवळी बसवू."

पद्मनाभअण्णांनी दुखेल का, असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि आवाज?"

डॉक्टरांना खोटं बोलता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "थोडा बदलेल."

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "शकुंतला, माझ्याकडं एवढी एक चीज होती. तीही गेली तर तुला दाखवायला काय राहिलं माझ्यात?"

"मला काय दाखवता? लग्नात मी आवाज नव्हता ऐकला. तुम्ही तेव्हा घाबरून गप्प बसला होता," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

मग अण्णांना युक्ती सुचली. आजकाल सगळेच पुकारे पेनड्राइव्हवर वाजतात. आजवर ते अशा लोकांना नावं ठेवत, "मेलेल्या आवाजाचे धंदे" म्हणत. पण आता गोष्ट वेगळी होती. दात उद्या सकाळी जाणार, आवाज आज भरून ठेवायचा! त्यांनी मोबाइल सुरू केला, डोक्यावर गोधडी घेतली आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर पुकारा केला. इतका सुंदर, की स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. ते तसंच पुसून ते झोपले. परत ऐकून बघायचं धैर्य झालं नाही.

सकाळी खुर्चीत बसल्यावर पाहतात तर डॉक्टर हात जोडून, डोळे मिटून उभ्या.

"डॉक्टरीण बाई, तुम्हीच देवाचा धावा करायला लागलात तर मी कुणाकडं बघू?"

"माझा हात हलका पडावा म्हणून सांगते हो त्याला. रोजच सांगते."

"आणि नाही ऐकलं त्यानं?"

"तुम्हीही तुमच्या देवाला सांगा. दोघांत मिळून एक हात तरी हलका होईल."

अण्णांनी हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींचं नाव घेतलं. हात खरंच हलका पडला. पण इंजेक्शनची सुई हिरडीत शिरली तेव्हा त्यांच्या घशातून जो स्वर निघाला, तो बाहेरच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत भोंग्याशिवाय पोचला. रांगेतले दोघे काही काम आठवल्यासारखे उठून घरी गेले.

घरी आल्यावर त्यांनी आरशासमोर उभं राहून 'दंत' म्हणून पाहिलं. नुसता वारा सुटला. 'दंत' म्हणायलाही दंतच लागतात, हे त्यांना उतारवयात कळलं.

जखमा सुकल्यावर निगदी गावच्या कॅम्पचा पुकारा आला. अण्णांनी तोंडावर मफलर गुंडाळला, मोबाइलवरून पुकारा उतरवून घेतलेला पेनड्राइव्ह लावला आणि रिक्षा गावात घातली. भोंग्यातून तो घंटेसारखा आवाज घुमला: "नोवु आगुदिल्ल, कणभरसुद्धा दुखणार नाही!" आणि त्यापाठोपाठ कुकरची लांबलचक शिट्टी. मग शकुंतलाबाईंचा आवाज, भोंग्यामुळे दसपट मोठा: "अहो, भाजी कसली करू?"

अण्णा गोठले. स्वतः पुकारून दुरुस्त करायला तर दात दवाखान्यात राहिलेले! पुकारा पुन्हा सुरू झाला, पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा भाजीची चौकशी. सगळं निगदी दारात आलं. कुणी ओरडलं, "अण्णा, बदनीकाई करा!" बदनीकाई म्हणजे वांगं. दुसऱ्याने शिट्ट्या मोजायला घेतल्या. कॅम्पकडे मात्र एक पाऊल वळेना.

देवळापाशी एक म्हातारी रिक्षासमोर आडवी आली. तिचं नाव अनुसया. गाल लिंबाएवढा सुजलेला, त्यावर हळदीचा लेप. मागच्या कॅम्पमधून ती दारापर्यंत जाऊन पळून आली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"ते बंद कर," ती म्हणाली. "दुखत नाही म्हणतोयस ना? मग तुझं तोंड का बांधलंय?"

अण्णांनी भोंगा बंद केला. एवढी शांतता त्यांच्या रिक्षात कधी झाली नव्हती. सगळं गाव बघत होतं. त्यांनी मफलर सोडला आणि तोंड उघडलं.

"अय्य शिवने!" म्हातारी वाकून आत बघू लागली. "सगळे?"

"वरचे सगळे," अण्णा म्हणाले. अर्धा आवाज, अर्धी हवा.

"दुखलं?"

आवाज तर गेलाच होता. त्याच्याबरोबर त्याची ऐटही गेली. "दुखतं, आयी," ते फुसफुसत म्हणाले. "सुई टोचताना दुखतं. मी तर बोंबललो. मग बधिर होतं, काही कळत नाही. पण रात्री ठणका लागला नाही, किती वर्षांनी! बायको म्हणाली, कण्हणं नाही म्हणून मेला की काय वाटलं, मग घोरणं ऐकू आलं."

म्हातारी आधी गाल धरून हसली, मग दुखला म्हणून कण्हली आणि पुन्हा हसली. मग पदर खोचून रिक्षात बसली. "चल. पण पळाले तर परत इथं आणून सोडायचं."

ती पळाली नाही. तिच्या मागे मागे निम्मी गल्ली आली.

यथावकाश कवळी झाली. डॉक्टर ज्योतींनी ती घासूनपुसून अशी बेतली होती, की अण्णांचा आवाज जवळजवळ जुन्यासारखा निघाला. ते हर्षाने रडले. दुसऱ्याच दिवशी कवळी लावून, माईक घेऊन ते पुढच्या कॅम्पच्या पुकाऱ्यासाठी पुन्हा निगदीत शिरले. पेनड्राइव्ह नाही, मफलर नाही. असा पुकारा त्यांनी तरुणपणीही केला नव्हता.

कुणी बाहेर आलं नाही.

शेवटी अनुसयाच कट्ट्यावरून म्हणाली, तिचा गाल आता सपाट झाला होता, "कोण रे तू? तो फुसफुस्या कुठंय? त्याचं ऐकायचं होतं सूनबाईला. तुझ्यासारखे गोड आवाजाचे इलेक्शनला येतात आमच्याकडं."

पद्मनाभअण्णांनी माईक खाली ठेवला. ज्या आवाजासाठी एवढे दिवस झुरले, तो काल मिळाला होता. त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, कवळी काढली, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि माईक उचलून फुसफुसत पुकारा केला. चार दारं उघडली.

हल्ली कॅम्पच्या दिवशी डॉक्टर ज्योती त्यांच्या फुगलेल्या खिशाकडे बघून वैतागतात. "अण्णा, एवढ्या मेहनतीनं केली मी ती. खिशात ठेवायला?"

"घरी लावतो ना," अण्णा फुसफुसत म्हणतात. "शकुंतला भाजी कसली करू विचारते, तेव्हा नीट सांगता आलं पाहिजे."