आवरणातलं रान

केबल खात्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण जेमतेम दहावी! पण जमिनीखालची केबल दुरुस्त झाली की तिला जास्तीच्या विजेचा दाब देऊन ती टिकेल की नाही हे सांगायचं काम तेवीस वर्षं त्यांचंच. यंत्राचा काटा स्थिर राहिला की मिशीवरून बोट फिरवून म्हणायचे, "पास! आता हिला बघायला नको."

आणि अलीकडे आठ-पंधरा दिवसांत ती फुटायचीच. मग बोंब कुणाच्या नावानं? जोड मारणाऱ्याच्या. हा जोडवाला म्हणजे डॉक्टरांचा सख्खा मेहुणा. गेल्या सहा महिन्यांत सहा केबली फुटल्या, सहाही त्याच्या जोडाशेजारी. साहेबांनी त्याला काढायचा कागद तयार ठेवला. चाचणीत काही चूक नव्हती, अशी डॉक्टरांची सही तेवढी सोमवारी व्हायची होती. घरी ते बायकोला सुनवायचे, "तुझ्या भावाला आता जमत नाही, त्याला मी काय करू?" बायको ताट आपटून उत्तर द्यायची.

शनिवारी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना बोलावलं. फुटल्या जागेपासून हातभर लांबचा तुकडा घेऊन, त्याच्या प्लास्टिकच्या आवरणाचे कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ काप बाईंनी निळ्या रंगात उकळले होते.

"बघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि थिजलेच. दुधी प्लास्टिकात निळं झाड! बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या. एक कसलं, रानच्या रान!

"बाप रे! हे कुणी लावलं?"

"ओल आणि वीज. दोघींनी मिळून वीस वर्षं वाढवलंय."

"पण हिला मी पास केली होती!"

"तिथंच तर गोम आहे. जुन्या कागदी केबलींना तुमची चाचणी चालायची. हे प्लास्टिक असं म्हातारं झालं की त्याला ती सोसत नाही. काटा हलत नाही, पण तुम्ही दिलेला विजेचा भार या झाडांत अडकून बसतो. नेहमीची वीज सुरू झाली की तिथूनच फुटतं."

"मग जोडाशेजारीच का?"

"पाणी साचतं ते जोडाच्या खड्ड्यात."

डॉक्टर पुन्हा वाकले. इतकी वर्षं याच रानावरून ते रुबाबात चालत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. केवढं देखणं, आणि केवढं भयंकर! बाईंनी दिलेला चहा तसाच निवला.

सोमवारी त्यांनी सही केली नाही. उलट लिहून दिलं: जोड चांगले होते, दोष चाचणीचा, चाचणी माझी.

"अहो, हे तुमच्या अंगाशी येईल," साहेब म्हणाले.

"यायलाच पाहिजे," डॉक्टर म्हणाले, आणि तडक मेहुण्याचं घर गाठलं.

मेहुणा दारातून बाजूला झाला नाही. "करून आलात सही, भावोजी?"

"तुझे जोड पक्के होते रे. केबली मी फोडल्या."



"मला वाटलं, माझे हात गेले," मेहुणा म्हणाला, आणि उंबऱ्यातच स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिला.