मामांच्या नकाशावरची लाल विहीर

सोलापूरच्या पंचक्रोशीत अशी एकही विहीर नसेल, जिच्यात माझ्या बायकोच्या मामांनी वाकून पाहिलं नाही. शाळेतले शास्त्राचे मास्तर निवृत्त झाले की गीता वाचतात किंवा बागेत गुलाब लावतात. मामांनी निवृत्त होताच विहिरींचा नकाशा काढायला घेतला. सत्तरचं दशक होतं ते. युरियाची पोती गावोगाव पोचली होती, पिकं तरारली होती, सगळे खुशीत होते. एकटे मामा भेटेल त्याला विचारत, "पिकानं खाऊन उरलेलं खत जातं कुठं?" आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत, "विहिरीत आणि ओढ्यात!"

त्यांच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या बाटल्या असत. मोडनिंबला एका लग्नात अक्षता पडत होत्या, तेव्हा मामा मांडवामागच्या विहिरीत दोरी सोडून बसले होते. घरी आणलेल्या पाण्यात ते कसलीशी रसायनं घालत. परीक्षानळीत तपकिरी कडं उमटलं की खत मुरलं म्हणायचं, आणि चार कागद चिकटवून केलेल्या नकाशावर ती विहीर लाल व्हायची, नाहीतर हिरवी. जमिनीचा उतार, उकिरड्याची जागा, सगळं त्यावर होतं. चूक मात्र कुठंच नव्हती, असं मामांचं ठाम मत होतं.

कुंभारीच्या एका बागायतदाराला हे मत पटलं नाही. "मास्तर, पानी आरशावानी हाय की! लाल रंग कशापायी?"

"उसाचा उतार विहिरीकडं, उकिरडा काठावर. आणखी काय पाहिजे?" मामा म्हणाले. त्यानं मामांना आणि सोबत गेलेल्या मला चहा न देताच वाटेला लावलं.

पुढं दोनेक महिन्यांनी तोच माणूस सकाळी मामांच्या दारात उभा. तान्ही नात त्याच विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावर होती. तिचे ओठ निळसर पडले होते. "पानी उकळून देतो की आमी," तो रडवेला होऊन म्हणाला.

"उकळून पाणी आटतं हो, खत तिथंच राहतं!" मामा ओरडले. मुलीला दवाखान्यात नेलं. मामांनी डॉक्टरांपुढं नकाशा पसरून त्या लाल विहिरीवर बोट ठेवलं; पाण्यातलं खत तान्ह्या मुलाच्या रक्तातला प्राणवायू अडवतं, म्हणाले. डॉक्टरांनी आधी मामांकडं, मग नकाशाकडं पाहिलं आणि उपचार सुरू केले. नकाशावरच्या हिरव्या विहिरीचं पाणी आणायची जबाबदारी माझ्यावर आली. संध्याकाळपर्यंत पोरीच्या ओठांवर रंग परतला. मामा व्हरांड्यात पाठ करून उभे होते. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला, की बोटं दुखली.

बागायतदारानं उकिरडा लांब हलवला, खत निम्म्यावर आणलं. वर्षानं म्हणाला, "आता हिरवी करा की, मास्तर." मामांनी तपासलं आणि मान हलवली. "अजून नाही. जमिनीत मुरलेलं सावकाश निघतं. मी येत जाईन."

आणि ते जात राहिले. दोघं काठावर बसून मराठी-कानडीत भांडत. विहीर मात्र लालच राहिली.

मामा वारले त्या वर्षी मला बागायतदाराचं पोस्टकार्ड आलं. "मास्तर ह्या साली आलं न्हाईत. पोरगी शाळंत जाती. वाट बघतो."

उत्तर लिहायला बसलो, पण जमेना. मग एस.टी.नं स्वतःच कुंभारीला गेलो. त्याला काही सांगावं लागलं नाही. मला एकट्याला पाहून तो विहिरीच्या काठावर खाली बसला आणि शेजारची जागा हातानं झाडून म्हणाला, "बसा."