कढीपत्त्याला समुद्राचं पाणी
मिठाची ओली पिशवी हाताला लागली, की तो खारट वास येतो आणि माझं डोकं अजून फिरतं. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात कॉलेजवर प्राणिशास्त्र शिकवत होतो. पोरांना जिवंत प्रवाळ दाखवायचंच, या हट्टाने मालवणहून प्रवाळाचा बोटभर तुकडा आणि समुद्राचं पाणी कॅनमधून एसटीने आणलं. घरी ज्या काचेच्या पेटीत ते ठेवलं ती गळायची, लाईट गेली की हवेचा पंप बंद पडायचा, मग मी सायकलच्या पंपाने पाण्यात हवा मारत बसायचो. उन्हाने पाणी आटायचं, म्हणून अकलूजहून आलेल्या आईला सांगितलं, आटेल तेवढंच साधं पाणी वरून घालत जा. एका संध्याकाळी घरी आलो, तर पेटीतलं पाणी लख्ख आणि प्रवाळावरचा जिवंत थर सालीसारखा सुटून तळाशी पडलेला. "आज नळ आलता की," आई कौतुकाने म्हणाली, "जित्तं हाय म्हणतोस, मग त्याला शिळ्या पाण्यात किती दिस ठेवायचं? सगळं बदललं बघ." मी ओरडलोच, "आणि जुनं पाणी?" "पाणी कुणी फेकतं व्हय? कढीपत्त्याला घातलं." मी कपाळावर हात मारला. चार-आठ दिवसांत अंगणातला कढीपत्ताही जळाला, तेव्हा आई माझ्यावरच डाफरली, "असलं कसलं पाणी घरात ठिवतोस रे?" पुढे जन्मभर ती झाडाला पाणी घालण्याआधी थेंबभर जिभेवर टेकवून बघायची. सगळे हसायचे, मला अजून हसू येत नाही.